खेड्यातून सहकुटुंब सहल: पैसा कुठे जातो आणि कुठे वाचतो

विदर्भातल्या गावातून निघालेल्या कुटुंबाचा पैसा तिरुपतीत किंवा पुरीत फारसा वाया जात नाही. तो जातो गाव ते स्टेशन या तुकड्यात. परतीची गाडी रात्री दोनला बडनेऱ्याला येते, पहिली एसटी सकाळी सहाला, लेकरं झोपेत, सोबत पाच बोचकी. मग कोणीतरी फोन करून स्पेशल गाडी बोलावतं आणि पन्नास किलोमीटरसाठी रेल्वेच्या तिकिटांइतका पैसा सुटतो. म्हणून आराखडा दारापासून आणि उलटा करायचा. परतीच्या दिवशी गावात किती वाजता पोचणार, हे आधी ठरवा. ठिकाण त्यानंतर.

आधी शेत, मग तारीख

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वर्षातून चारच फटी सापडतात. पहिली उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिलच्या शेवटापासून मृग लागेपर्यंत. दुसरी निंदण-डवरण आटोपल्यावर, पोळ्याच्या आसपास, पण ती दोन-तीन दिवसांचीच. तिसरी दिवाळीची सुट्टी. तेव्हा सोयाबीन घरात आलेलं असतं, पण कापसाची वेचणी लागलेली असते आणि मजूर धरून ठेवावे लागतात. चौथी तूर निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. हवा सगळ्यात चांगली याच दिवसांत असते, फक्त मुलांची शाळा आड येते. शनिवार-रविवारला २६ जानेवारी जोडून आली तर ती संधी सोडू नका.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गणित वेगळं. रोवणी जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, धानाची कापणी-मळणी नोव्हेंबरात. तिथे दिवाळीपेक्षा डिसेंबरचा शेवट बरा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आठेक दिवस उशिरा उघडतात. जूनच्या त्या आठवड्यात पुणे-मुंबईकडच्या कुटुंबांची गर्दी ओसरलेली असते. पण नेमकी तेव्हाच पेरणी. घरात पेरणी सांभाळणारं दुसरं माणूस असेल किंवा शेतीच नसेल, तर हा आठवडा स्वस्त पडतो.

सणाच्या दिवशी जायचं की सणाच्या बाजूला?

याचं उत्तर सणागणिक बदलतं. काही सण त्या दिवशीच बघायचे असतात. नागपूरची मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच निघते, तिला पर्याय नाही. ही एका दिवसाची सहल आहे. सकाळच्या गाडीने नागपूर स्टेशनला उतरा, तिथूनच मेट्रोने चितार ओळी चौक गाठा, म्हणजे इतवारी-महालच्या गर्दीत ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. संध्याकाळच्या गाडीने घरी.

दीक्षाभूमीचंही तसंच. नागपूरचा सोहळा दसऱ्याच्या तिथीला असतो, पण चंद्रपूरचा १५-१६ ऑक्टोबरला, तारखेनुसार होतो, कारण बाबासाहेबांनी तिथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली होती. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुटुंबांना म्हातारी माणसं घेऊन नागपूरची गर्दी झेपत नसेल, तर चंद्रपूरचा कार्यक्रम जवळचा.

पंढरपूरला मात्र एकादशीचा हट्ट सोडला तर निम्मा त्रास वाचतो. आषाढी नेमकी पेरणीच्या धांदलीत येते. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की गर्दी उतरते, खोल्यांचे भाव उतरतात. एकादशीलाच जायचं असेल तर पदस्पर्शाच्या रांगेऐवजी मुखदर्शनाची रांग धरा, ती बरीच छोटी असते. त्या दिवसांत नागपूर, अमरावती आणि खामगावहून रेल्वे पंढरपूर-मिरजेकडे विशेष गाड्या सोडते. त्यांची घोषणा उशिरा होते, त्यामुळे नेहमीच्या गाड्या भरल्या तरी निराश होऊ नका.

नागपंचमीच्या पचमढीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तिथल्या डोंगरातल्या नागद्वारची वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते, ती सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पातून जाते, आणि पावसात लोखंडी शिड्यांवरून चढ-उतार करावा लागतो. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे लंगर असतात, त्यामुळे जेवणाची चिंता नाही. पण दहा वर्षांखालची मुलं आणि गुडघे धरलेली आजी यांच्यासाठी ही यात्रा नाही. त्यांना घेऊन पचमढी बघायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. रेल्वेने पिपरिया, तिथून बस किंवा जीप. किंवा नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने.

उत्तरेकडे जाताना छठ आणि होळी टाळा. नागपूरवरून काशी-प्रयागराजकडे जाणाऱ्या संघमित्रासारख्या गाड्या दक्षिणेतून बिहारी कामगारांनी भरूनच येतात, बल्लारशा-नागपूरला पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीत उलटं चला. दिवाळीआधी पुणे-मुंबईहून विदर्भाकडे येणाऱ्या गाड्या तुडुंब असतात, त्याच वेळी इकडून तिकडे जाणाऱ्या त्या मानाने मोकळ्या. कोल्हापूर, शिर्डी, कोकण करायचं असेल तर दिवाळीच्या आधी निघा आणि भाऊबीजेपूर्वी परत या. भाऊबीजेनंतर तोच लोंढा पुण्याकडे वळतो.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. ती वेळ निंदण आणि पोळ्याच्या मधल्या फटीत बसते, आणि वर्धा, बडनेरा, अकोल्याहून नाशिक रोडला थेट गाड्या आहेत. मुख्य स्नानाच्या तारखा सोडून मधला दिवस निवडा. मुलं घेऊन पर्वणीच्या दिवशी घाटावर जाणं धोक्याचं आहे.

गाडी निवडताना घराकडची वेळ बघा

वहीच्या पानावर तीन ओळी लिहा. गावातून पहिली एसटी किती वाजता निघते (मुक्कामी गाडी असेल तर ती), तालुक्याहून स्टेशनला शेवटची एसटी किती वाजता, आणि स्टेशनहून तालुक्याला सकाळची पहिली व रात्रीची शेवटची किती वाजता. आता परतीच्या गाड्यांमधून फक्त त्याच घ्या ज्या सकाळी पाच ते संध्याकाळी पाचच्या आत आपल्या स्टेशनवर येतात. गाडी तासभर उशिरा येणार हे धरून चाला. जाताना मध्यरात्रीची गाडी चालते, कारण संध्याकाळच्या एसटीने स्टेशन गाठून प्रतीक्षालयात बसता येतं.

स्टेशनही डोळसपणे निवडा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्टेशनं जवळजवळ आहेत, पण दक्षिणेच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामला थांबतात आणि मुंबई-हावडा मार्गाच्या वर्ध्याला. तिकीट एका स्टेशनचं आणि माणूस दुसऱ्यावर, हा घोळ दरवर्षी होतो. वाशीम, अकोल्याकडच्यांना तिरुपतीसाठी नागपूर गाठायची गरज नाही. अमरावती-तिरुपती एक्सप्रेस अकोला, वाशीम, नांदेडवरूनच जाते. केळापूर-पांढरकवड्याकडच्यांना आदिलाबाद जवळ पडतं.

तिकीट: साठ दिवसांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. १० नोव्हेंबरची गाडी हवी तर ११ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. हे दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेने मोजतात. चेन्नईहून आदल्या दिवशी सुटून बल्लारशाला १० तारखेला येणाऱ्या गाडीचं आरक्षण १० सप्टेंबरलाच उघडतं. लोक एक दिवस उशिरा बसतात आणि वेटिंग पाहून कपाळाला हात लावतात.

आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, नाहीतर आरक्षण उघडतानाची संधी आणि तत्काळ दोन्ही हातचे जातात. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. सहकुटुंब प्रवास तत्काळच्या भरवशावर ठेवू नका. एका तत्काळ तिकिटावर चारच जण बसतात आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

घरात ज्येष्ठ असतील तर पुढची गोष्ट नीट वाचा. खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांना मिळतो, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असले तरच. आजी-आजोबांची नावं मुला-नातवंडांच्या तिकिटात घातली की संगणक तो कोटा बघतच नाही, आणि आजीला मधला बर्थ येतो. म्हणून दोघांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा आला तरी चालेल, गाडीत बदलून घेता येतो. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या हिशेबाने बजेट करू नका.

मुलांचं असं. पाच वर्षांखालचं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट. पाच ते बाराच्या आतलं, बर्थ नको म्हटलं तर साधारण निम्म्या भाड्यात, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. समजा स्लीपरचं तिकीट ४०० रुपये आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी दोनशे वाचतात, पण रात्रभर एका बर्थवर आई आणि तो, आणि सकाळी दोघंही चिडलेली. दिवसाच्या प्रवासाला अर्धं तिकीट, रात्रीला बर्थ. इथे कंजूषी नको.

वेटिंगची भाषा कळली पाहिजे. जी गाडी नागपूर, अमरावती किंवा गोंदियाहूनच सुटते तिच्यात तिथला कोटा मोठा असतो, आणि वेटिंग लवकर हलतं. मधल्या छोट्या स्टेशनचा कोटा दोन-चार बर्थचा, तिथलं वेटिंग बहुधा तसंच राहतं. त्यामुळे मूर्तिजापूरहून मिळत नसेल तर जिथून गाडी सुटते तिथून तिकीट बघा आणि चढण्याचं स्टेशन मूर्तिजापूर करून घ्या. भाडं थोडं जास्त, पण जागा पक्की. स्टेशन बदलल्यावर आधीच्या स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही, एवढं लक्षात ठेवा. वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसता येत नाही.

ऐनवेळी वेचणीसाठी किंवा आजारपणाने कोणाला थांबावं लागलं तर तिकीट रद्द करण्याआधी नाव बदलता येतं का ते बघा. कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर गाडी सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत आरक्षण खिडकीवर करून मिळतं, एकदाच. दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा न्या.

तिरुपतीला क्रम उलटा होतो. तीनशे रुपयांच्या विशेष दर्शनाची तिकिटं देवस्थान साधारण तीन महिने आधी सोडतं, आणि रेल्वे साठ दिवस आधी. म्हणून दर्शनाची तारीख आधी पक्की करा, खोलीही तेव्हाच, आणि गाडीचे दिवस जुळतात का ते त्याआधी तपासा, कारण अमरावतीची गाडी रोज नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना हे तिकीट लागत नाही. तिकीट नाही मिळालं तर तिरुपती शहरात, रेल्वे स्टेशनसमोरच्या विष्णू निवासम्‌मध्येही, सर्वदर्शनाचे टोकन मिळतात. त्यासाठी एक दिवस राखीव ठेवा.

एसटी अजूनही सगळ्यात स्वस्त

महाराष्ट्राच्या हद्दीत फिरायचं असेल तर रेल्वेआधी एसटीचा हिशेब करा. सगळ्या स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. शिवाय ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या वर मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. पाच जणांचं घर घ्या: वडील, आई, ६८ वर्षांची आजी, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. एका तिकिटाचे २०० रुपये असतील तर वडिलांचे २०० आणि बाकी चौघांचे शंभर-शंभर. हजाराच्या ठिकाणी सहाशे. आजीचं आधार कार्ड हातात ठेवा, सामानाच्या तळाशी नको. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या गाडीत ही सवलत सीमेपर्यंतच चालते, छिंदवाडा किंवा आदिलाबादकडे जाताना पुढचं भाडं पूर्ण लागतं.

सलग चार-पाच ठिकाणं करायची असतील तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा. तो चार किंवा सात दिवसांचा असतो. पण अर्धं तिकीट लागणाऱ्या स्त्रियांना तो परवडेलच असं नाही, दोन्ही बेरजा करून बघा. पुरुषांना बहुधा फायद्याचा.

आषाढीला गावातले चाळीस किंवा जास्त प्रवासी जमले तर एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते, आणि त्यात या सवलती चालतात. आगारप्रमुखाकडे नावांची यादी, वयं आणि मोबाईल नंबर घेऊन जा. हे वेगळं आणि अख्खी गाडी ठरावीक भाड्याने घेण्याचा प्रासंगिक करार वेगळा. दोन्हींचे पैसे आगारात लिहून घ्या.

दहा-पंधरा जणांची गाडी केली तर

पांढरी नंबर प्लेट म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या, आणि मध्य प्रदेश किंवा तेलंगणात जायचं असेल तर तिथलं परमिट कोण भरणार ते आधी ठरवा.

भाड्यात खरी मेख रोजच्या किमान किलोमीटरची असते. समजा १७ सीटची गाडी २२ रुपये किलोमीटर, रोज किमान ३०० किलोमीटर, चालकाचा भत्ता दिवसाला ५००. तीन दिवसांची पचमढी प्रत्यक्षात ५५० किलोमीटर झाली तरी पैसे ९०० किलोमीटरचे, म्हणजे १९,८००, वर भत्ता १,५००. एकूण २१,३००, पंधरा जणांत माणशी १,४२०. टोल, पार्किंग, परमिट वेगळं. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी उभी राहिली तरी मीटर चालूच असतो. रोज ठिकाण बदलायचं असेल तर भाड्याची गाडी स्वस्त, एका जागी दोन दिवस थांबायचं असेल तर रेल्वे आणि स्थानिक जीप बरी. किलोमीटर मालकाच्या दारापासून मोजणार की तुमच्या गावापासून, हेही विचारा. तालुक्याच्या पलीकडचा मालक असला तर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर तिथेच वाढतात.

मुक्काम

भक्तनिवास आणि धर्मशाळा स्वस्त असतात, पण त्यांचे नियम कडक. प्रत्येकाचं मूळ आधार लागतं, अनामत रोख लागते, एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि खोली सोडायची वेळ काही ठिकाणी २४ तासांची तर काही ठिकाणी सकाळी ठरलेली असते. दुपारी चारला पोचलात आणि वेळ सकाळी नऊची असेल तर एका रात्रीचे दोन दिवस लागतात. शेगावला गजानन महाराज प्रकटदिन आणि ऋषिपंचमीला खोलीची आशा धरू नका. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत या, किंवा अकोल्याला मुक्काम करा.

मोबाईलवर धर्मशाळेचं नाव शोधून वर आलेल्या नंबरला पैसे पाठवू नका. देवस्थानांच्या नावाने हुबेहूब खोट्या साइट काढलेल्या असतात, आणि क्यूआर कोड पाठवून आगाऊ पैसे घेतले जातात. पैसे मागणारा खातं एखाद्या माणसाच्या नावाचं देत असेल तर तिथेच थांबा.

काही तासांपुरतंच थांबायचं असेल तर मोठ्या स्टेशनवरची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी बघा. ती कन्फर्म किंवा आरएसी (बसायला जागा पक्की, पूर्ण बर्थ नाही) तिकिटावरच मिळते. सामान क्लोक रूममध्ये टाकून दिवसभर मोकळं फिरता येतं, मात्र बॅगेला कुलूप हवं.

शिदोरी

पाच जणांना वीस तासांच्या प्रवासात तीन जेवणं लागतात. दोन किलो कणकेच्या साधारण चाळीस दशम्या होतात, त्या पुरतात. कणीक दुधात, चांगलं मोहन घालून घट्ट भिजवा, पाणी अजिबात नको. भाजलेल्या दशम्या फडक्यावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. निघायच्या घाईत गरम थप्पी डब्यात भरतात, झाकणाला वाफ धरते, आणि संध्याकाळपर्यंत खालच्या चार दशम्या चिकट होऊन वास मारतात. सोबत पाव किलो जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, कोरडा ठेचा, एक किलो मुरमुऱ्याचा चिवडा. बटाट्याची भाजी पहिल्या जेवणापुरतीच, मे महिन्यात ती दुपारनंतर खाऊ नका. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिक घालून मग झाकण फिरवा.

उन्हाळ्यात स्लीपरच्या डब्यात माणशी चार लिटर पाणी लागतं. पाच लिटरचे दोन कॅन घरून भरून न्या, बाकी रेल नीर घ्या. लिटरच्या बाटलीची किंमत १४ रुपये आहे, वीस मागितले तर देऊ नका. दहा लिंबं, मीठ, साखर आणि ओआरएसची पाकिटं वरच्या पिशवीत ठेवा.

मागे घर आणि हातात लेकरं

दुभतं जनावर असेल तर चार दिवसांचं दूध राखणाऱ्यालाच द्यायचं असं आधी बोलून घ्या, मजुरीवरून नंतर वाद होत नाही. कुट्टी आणि ढेप मोजून काढून ठेवा. कृषिपंपाला वीज रात्रपाळीची की दिवसाची, ते वेळापत्रक त्याला लिहून द्या.

रोख रक्कम दोन मोठ्या माणसांकडे वाटून ठेवा, आणि त्यात शंभर-पन्नासच्या नोटा जास्त असू द्या. डोंगरावर आणि जत्रेत नेटवर्क गेलं की यूपीआय कामाचं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. लहान मुलांच्या मनगटावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहा, घामाने पुसला की पुन्हा लिहा. नंबर सोबतच्या माणसाचाच हवा, घरी राहिलेल्याचा नको. आणि कुठल्याही मंदिरात शिरण्याआधी एक खूण ठरवा: चुकलं तर चप्पल स्टँडपाशी थांबायचं, शोधायला जायचं नाही.